बेडूक दाखवणारे काका

माझ्या चुलत दिरांवर मी सूड उगवला आणि त्याचा मला अजूनही आनंद आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी मी हळहळेन म्हणून कोणी वाट बघत बसायला नको.

आम्ही वोल्फ्सबुर्गला आलो तेव्हा पहिलं घर त्यांनीच मिळवून दिलं. आनमेल्डुंगला, म्हणजे पत्त्याची नोंदणी करायला, ते बरोबर आले, बँकेत आले, मुलीला बालवाडीत घालताना तिथेही आले. त्यानंतर ते आमच्या घरातून कधी गेलेच नाहीत म्हटलं तरी चालेल. नवरा त्यांच्याच शिफारशीने कारखान्यात लागलेला, त्यामुळे तो त्यांच्यापुढे ब्र काढत नाही. मी त्यांना दादा म्हणते, मुलगी काका म्हणते, आणि गावातली सगळी मराठी मंडळीही मान देतात, कारण मंडळाचे अध्यक्ष तेच. त्यांना जगातलं सगळं आधीच माहीत असतं.

गेल्या वर्षी मुलगी गणितात नापास झाली. सुट्टी संपताना नाखप्र्यूफुंग द्यायची संधी शाळेने दिली. या फेरपरीक्षेत पास झाली तर वरच्या वर्गात, नाहीतर मैत्रिणी पुढे आणि ही तिथेच. हे आम्ही कोणालाच सांगितलं नव्हतं. दादांना मात्र नवऱ्याने कँटीनमध्ये जेवता जेवता सांगितलं आणि त्या दिवसापासून आमचं जगणं मुश्कील झालं. "आपल्या घराण्यात गणितात कोणाची दांडी उडाली नव्हती," हे ते आमच्याकडे जेवताना म्हणायचे आणि निघताना चपला घालतानाही म्हणायचे. मुलीला मराठी सगळं कळतं, पण उत्तर ती जर्मनमध्ये देते. त्यांच्यासमोर ती दोन्ही भाषांत गप्प बसायला लागली.

स्पेनमधलं सालामांका तिनेच शोधून काढलं. तिथल्या जुन्या विद्यापीठाच्या दर्शनी भिंतीवर तळापासून माथ्यापर्यंत कोरीव काम आहे आणि त्या गर्दीत एका कवटीवर एक चिमुकला दगडी बेडूक बसला आहे. कोणी न दाखवता ज्या विद्यार्थ्याला तो सापडतो तो परीक्षेत पास होतो, अशी तिथली समजूत. पंधरा वर्षांच्या मुलीने असल्या गोष्टींवर विश्वास ठेवावा का, असं नवरा म्हणाला. मी त्याला म्हटलं, तू गप्प तिकिटं काढ.

जाऊबाई तेव्हा पुण्याला गेल्या होत्या. दादा म्हणाले, "मीपण येतो. तुम्हा लोकांना एकट्याने काय जमणार?" नवऱ्याने लगेच चौथं तिकीट काढलं.

माद्रिदहून गाडी भाड्याने घेतली. वाटेत आविला लागलं. गावाभोवतीचा सबंध तट अजून शाबूत आहे आणि त्यावरून चालता येतं. मला तो डोळे भरून बघायचा होता, पण दादांनी बुरुजावर उभं राहून राजगडावर व्याख्यान दिलं. सालामांकाला पोचलो तेव्हा उन्हं उतरत होती. तिथला दगड पिवळसर आहे, संध्याकाळी गावातला मोठा चौक तुपात भाजलेल्या रव्याच्या रंगाचा होतो. कमानींखाली म्हातारीकोतारी माणसं नटूनथटून फेऱ्या मारत होती. "यापेक्षा प्राग बघा," दादा म्हणाले. "आल्झो, म्हणजे प्राग बघितल्यावर हे काहीच नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यापीठासमोर गेलो. सगळे लोक माना वर करून उभे होते. मुलगी आमच्याकडे वळली आणि मुद्दाम मराठीत म्हणाली, "कोणी सांगू नका हं. मला स्वतः शोधायचाय." मग ती खालून वर, एकेक खांब बघत निघाली. तिचे ओठ हलत होते. लहानपणी अक्षरं वाचताना हलायचे तसेच. मी भिंतीकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले.

दादांनी फोनमध्ये काहीतरी बघितलं आणि हात लांब केला. "अगं तो काय, उजव्या खांबावर, कवटीच्या डोक्यावर. एवढं दिसत नाही तुला?"

मुलगी वर बघेना. मान खाली घालून ती म्हणाली, "डांके, काका." थँक्यू, एवढंच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "दादा, ती नको म्हणाली होती," मी म्हटलं. ते हसले. "बेडकाने काय होतंय? अभ्यासाने होतं. आणि तो तर हिने केलेला नाही." नवरा पाण्याची बाटली आणायला गेला तो बराच वेळ आलाच नाही.

दुपारी कॅथेड्रल बघायला गेलो. तिथे एक दार आहे, त्याच्या कोरीव वेलबुट्टीत चक्क एक अंतराळवीर आहे. शिरस्त्राण, नळ्या, बूट, सगळं काही. त्याच नक्षीत वर एक चावट तोंडाचा प्राणी आइस्क्रीमचा कोन धरून बसलाय. तीसेक वर्षांपूर्वी दार दुरुस्त करताना कारागिरांनी आपल्या काळाची खूण म्हणून ही मंडळी बसवली, हे मी निघण्याआधी वाचलं होतं. दादांना अंतराळवीर दिसला. प्राणी दिसला नाही. "बघा," ते म्हणाले, "पाचशे वर्षांपूर्वीचं दार. म्हणजे त्या लोकांना अंतराळयान माहीत होतं. आपल्याकडच्या विमानांबद्दल मी सांगतो तेव्हा तुम्ही हसता."

मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हटलं, "खरंच की हो दादा. याच्यावर तुम्ही गणपतीत बोलायला हवं." आणि त्या प्राण्याचा एक फोटो काढून ठेवला.

मुलगी फेरपरीक्षेत पास झाली. त्यानंतर गणपती आले. मंडळाने घेतलेल्या हॉलमध्ये आरती झाली, जेवणं झाली आणि पडद्यावर दादांचं स्पेन सुरू झालं. पुढच्या रांगेत इंजिनिअर, मागे त्यांच्या बायका, कडेला मुलं. मुलीच्या वर्गातल्या दोन मराठी मैत्रिणी तिच्या शेजारी बसल्या होत्या. तोपर्यंत मी फक्त मजा बघायला बसले होते, हेही खरं.

पडद्यावर बेडूक आला. "हा बेडूक मी हिला दाखवला," दादा मुलीकडे बोट करून म्हणाले, "आणि गणितात नापास झालेली आमची पोर फेरपरीक्षेत सुटली." माना वळल्या. मैत्रिणींनी एकमेकींकडे बघितलं. मुलगी ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

पुढचा फोटो अंतराळवीराचा होता. दादांचा आवाज चढला. पाचशे वर्षं, प्राचीन ज्ञान, सगळं यथासांग झालं. मी हात वर केला.

"दादा, त्याच्या बुटांचे तळ जरा मोठे करून दाखवता का?"

त्यांनी हौसेने दाखवले. ट्रेकिंगच्या बुटांना असतात तशा खाचा पडदाभर पसरल्या. "दाराची दुरुस्ती तीसेक वर्षांपूर्वी झाली, तेव्हा बसवलाय तो," मी म्हटलं. "तिथे शाळेच्या पोरांनासुद्धा माहीत असतं. तुम्हाला कोणी दाखवलं नाही वाटतं?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," मागून कोणीतरी म्हणालं. दुसऱ्याने बूट कुठल्या कंपनीचे आहेत ते विचारलं आणि मग हॉलभर हशा फुटलाच. दादांनी घाईघाईत भलतंच बटण दाबलं आणि पडद्यावर पुन्हा बेडूक आला. हसणं आणखी वाढलं. त्यांचा चेहरा उतरलेला बघून मला बरं वाटलं. प्राण्याबद्दल मी बोलले नाही. म्हातारा माणूस आहे, एवढं पुरे, असं मला वाटलं.

पार्किंगमध्ये नवरा म्हणाला, "एवढी गरज नव्हती." मी गाडीत जाऊन बसले.

"आई, दास वार गेमाइन," मुलगी मागून म्हणाली. दुष्टपणा केलास, असा त्याचा अर्थ. मग मराठीत म्हणाली, "मला बेडूक माहीतच होता. हॉटेलमध्ये फोनवर बघून ठेवला होता."

"मग भिंतीसमोर शोधत काय होतीस?"

"शोधल्यासारखं करत होते. खरंच शोधला असता आणि नसता सापडला, तर काका हसले असते."

नवऱ्याने गाडीची किल्ली लावली होती, ती फिरवायचं तो विसरला. मी फोन काढला. तो आइस्क्रीमवाला फोटो शोधून मंडळाच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, "दादा, हेही पाचशे वर्षांपूर्वीचं का?" पाठवून झाल्यावर नवऱ्याला म्हटलं, चला आता.