थोडक्यात सांग

ऑफिसात त्यांना सगळे तारमामा म्हणत. पाच मजल्यांची कचेरी, दोनशे कॉम्प्युटर, तेवढेच फोन, आणि या सगळ्यांच्या तारा जिथे येऊन मिळतात ते तळघरातलं स्विचचं कपाट, हा मामांचा बावीस वर्षांचा संसार. खरा संसार घरी होता, पण त्याच्याशी बोलायला मामांना सवड कुठली! बायको काही सांगायला लागली की दुसऱ्याच वाक्याला यांचं सुरू, "थोडक्यात सांग गं, मुद्द्याचं बोल." ती बिचारी मुद्दा शोधत बसायची. पुढे पुढे तिने सांगणंच सोडलं. तिच्या काखेत गाठ आलीय हेसुद्धा मामांना तीन महिन्यांनी कळलं, तेही मेहुणीकडून.

आज त्या गाठीचा रिपोर्ट मिळायचा होता. "चारला दवाखान्यात या हं," सकाळी ती म्हणाली होती. "माझ्याच्यानं एकटीनं ऐकवणार नाही."

"येतो म्हटलं ना!"

सकाळी दुसऱ्या मजल्यावरचा एक फोन सारखा कट होत होता. मामांनी सगळ्या तारांची वाहतूक सांभाळणाऱ्या मुख्य स्विचला हुकूम दिला, काय काय करतोस ते बारीकसारीक सगळं लिहीत जा. त्यांच्या धंद्यात याला डीबग म्हणतात, आणि काम झालं की तो बंद करायचा असतो हे पहिल्याच दिवशी शिकवतात. फोनचा दोष सापडला. तेवढ्यात साहेबांनी वर बोलावलं, मामा गेले, आणि हुकूम तसाच राहिला.

जेवणानंतर सगळे एकदम कामाला लागले आणि तीनच्या सुमारास स्विचचा प्रोसेसर, म्हणजे त्याचा मेंदू, नव्व्याण्णव टक्के गुंतला. फोन मुके, कॉम्प्युटर ठप्प, साहेबांचा पारा चढलेला. मामा तळघरात धावले. एक अक्षर टाइप केलं की पडद्यावर उमटायला मिनिट लागे.

"कुणीतरी गाढवाने एकाच तारेची दोन्ही टोकं टेबलाखालच्या खोबणींत खोचली असणार," मामा करवादले. गेल्या वेळी तेच झालं होतं ना, निरोप गोल गोल फिरत राहिले आणि सगळं ठप्प! अनुभव दांडगा, मग विचारायचं कुणाला? पाचही मजल्यांवर टेबलांखाली रांगून त्यांनी एकेक तार तपासली. कसलं काय! चार वाजले, साडेचार झाले. दवाखाना आठवत नव्हता असं नाही. दहा मिनिटांत निघतो, असं ते दर दहा मिनिटांनी स्वतःला सांगत होते. मोबाइल आपल्या टेबलावर विसरलोय, हेही त्यांच्या लक्षात नव्हतं.

सव्वापाचला हात टेकले आणि त्यांनी स्विचलाच विचारलं, बाबा रे, तू एवढा गुंतलायस तरी कशात? रडतखडत एकेक ओळ उत्तर आलं. लिहिण्यात. सकाळपासून तो इमानेइतबारे सगळं सांगत होता, आणि सांगता सांगता त्याला दुसरं काही जमेनासं झालं होतं. मामांनी डीबग बंद केला. एका ओळीचं काम. आकडा सहा टक्क्यांवर आला.

"मामा, तुम्ही होतात म्हणून निभावलं," साहेब म्हणाले. मामांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, पण खरं सांगायला तोंड उघडेना. टेबलावरच्या मोबाइलवर बायकोचे सात मिस्ड कॉल होते. ऑफिसचा फोन तर मामांच्याच कृपेने मुका होता.

घरी ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. पायात चप्पल तशीच, मांडीवर रिपोर्टचं पाकीट.

मामा तिच्यासमोर फरशीवरच बसले. "चुकलो गं मी. काय म्हणाले डॉक्टर? सगळं सांग. अगदी पहिल्यापासून सांग."

ती जरा वेळ शब्द जुळवत राहिली. इतक्या वर्षांची सवय.

"थोडक्यात सांगते," ती म्हणाली. "गाठ वाईट आहे. सोमवारी ऑपरेशन."

मामा पुढचं ऐकायला थांबले. ती चप्पल काढायला उठली होती.