दाट टाक्यांची उशी

जैतून गेली तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक माणूस एकच विचारायचा, "हार्टच ना?" आमच्या कुंडलमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं, की हिच्या छातीत धडधडतं. मी सांगून सांगून थकलो. न्हाई बाबा, न्यूमोनिया झाला, सांगलीच्या दवाखान्यात गेली. काळीज शेवटपर्यंत ठणठणीत होतं, असं तिथल्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या. मागल्या महिन्यात चाळीसावा दिवस झाला. माणसं जेवली, दुवा मागून गेली, घर रिकामं झालं. जाताना लेक शमा म्हणाली, "अब्बा, अम्मीबद्दल काहीतरी लिहा." मी चौथी शिकलेला पिंजारी, कापूस पिंजून गाद्या भरण्यात जन्म गेला. घरात आमची बोली निराळी, ती कागदावर उतरवणं मला जमत नाही. म्हणून तिचं बोलणं गावच्या मराठीत लिहितोय. तिनं हे वाचलं असतं तर हसली असती.

लग्नानंतर काही वर्षं बरी गेली. शमा झाल्यावर कधीतरी हे सुरू झालं. चुलीपुढं बसलेली बाई एकदम उठायची, हातपाय गार, ओठ पांढरे, म्हणायची, "अजी, मी आता मरते." आम्ही सांगलीला पळायचो. छातीला वायरी लावून पट्टी काढायची, पट्टी चांगली यायची. गावात कुणी म्हणालं बाहेरचं हाय, कुणी म्हणालं नाटक करती. दर्ग्याला नेलं, धागा बांधला. धागा मळून तुटला, धडधड होती तिथंच. शेवटी सांगलीतल्याच एका डॉक्टरीणबाईंनी आम्हाला नीट बसवून सांगितलं, की हा चिंतेचा आजार हाय, खरा हाय, आणि तो पुष्कळ वर्षं सोबत राहील. गोळ्या घ्यायच्या आणि त्याच्यासोबत जगायला शिकायचं. मला वाईट वाटलं. जैतून मात्र बाहेर येऊन म्हणाली, "नाव तरी कळलं." त्या दिवसापासून गोळ्यांचा डबा मिठाच्या बरणीशेजारी, उघड्यावर. शेजारणीनं नाक मुरडून विचारलं, तर म्हणाली, "तुमची साखरेची गोळी, माझी भीतीची. तुम्ही तुमची लपवता का?"

आमच्या धंद्यात गादी भरून झाली की दाभणानं टाके मारतात, म्हणजे कापूस एका जागी राहतो. टाके मारायचं काम तिचं. धडधड सुरू झाली की ती गादीवर वाकायची आणि टाका मारायची. एक टाका, एक श्वास. भीती जोरात असली की टाके जवळ जवळ पडायचे, उतरली की लांब लांब. तिला ते कळायचं नाही, मलाही बरेच दिवस कळलं नाही. मग एकदा लग्नाची गादी गिऱ्हाइकानं डोक्यावर घेऊन परत आणली. "चाचा, ही गादी हाय का फळी? जावई उठून जमिनीवर झोपला की." मी काही बोलायच्या आत आतून आवाज आला, "त्या दिवशी लय भ्याले होते, दादा. ठेवा, एकाआड एक टाका उसवून देते." तो माणूस हसायला लागला, तीही हसली. त्यानंतर तिनं ठरवलंच, की अंगावर भीती असताना गिऱ्हाइकाच्या गादीला हात लावायचा नाही, घरातल्याच शिवायच्या. म्हणून आमच्या घरातल्या सगळ्या गाद्या फळ्या. पाव्हणे एक रात्र राहतात आणि पाठ चोळत जातात.

तिची सगळ्यात मोठी भीती म्हणजे एसटी. दारं बंद, उतरता येत नाही, त्यात घाट. आणि शमा दिली पाचगणीला. तिथं एका शाळेच्या बोर्डिंगात ती स्वयंपाक करते, नवरा बागेत. वर्षानुवर्षं लेकच यायची माहेरी, आईनं लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं. नातू झाला तो फोनवर बघितला. त्या दिवशी फोन ठेवता ठेवता जैतून म्हणाली, "मला तिची चूल बघायचीया."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, की जिथं भीती वाटते तिथं थोडं थोडं जा, आणि भीती उतरायच्या आधी गाडीतून उतरू नका. हिनं ते शब्दाला धरून पाळलं. आधी पलूसला गेली. स्टँडवर चहा घेतला, पुढच्या गाडीनं परत. बाजार न्हाई, काम न्हाई, नुसती जाऊन आली. घामानं चिंब होऊन यायची, पुढच्या आठवड्यात पुन्हा निघायची. कंडक्टर ओळखीचा झाला. "काय चाची, कामाला जाताय काय पलूसला?" "व्हय रं, भ्यायच्या कामाला." मग तिकीट कराडचं झालं, मग साताऱ्याचं. मी सोबत असायचो, पण बोलायचं नाही असा हुकूम होता. तुम्ही धीर दिलात की मला रडू येतं, म्हणायची.

ज्या दिवशी पाचगणीला निघालो त्या दिवशी तिनं पिशवीत कापूस भरलेली लहान उशी घेतली, वर खोळ, आणि सुई-दोरा. मी म्हटलं, "घाटात बोट टोचंल." म्हणाली, "टोचू दे. तेवढंच ध्यान तिकडं." वाईपर्यंत हात चालला. पसरणीचा घाट लागला आणि तिचं तोंड पार उतरलं. एका वळणावर म्हणाली, "अजी, गाडी थांबवा म्हणा. मला उतरवा." मी उठलो. कंडक्टरला हाक मारणार, तोवर तिनं माझा सदरा मागून धरला. "न्हाई... बसा खाली." मी बसलो. ती टाके मारत राहिली, एकावर एक, जागा नसली तरी. खिडकीबाहेर दरी होती, तिनं पाहिली नाही, मीही पाहिली नाही. मी तिच्या हाताकडं बघत होतो. वर गार वारा लागला तेव्हा हात मोकळा झाला.

शमा स्टँडवर तोंडावर पदर धरून उभी होती. घरी गेल्यावर जैतूननं आधी चूल बघितली, म्हणजे गॅसच, पण ती चूल म्हणाली. ओट्यावरून हात फिरवला. नातवाला घेतलं. मग म्हणाली, "चहा कर. हात थरथरत्यात, अर्धाच कप दे."

लोकांना वाटतं त्या दिवशी ती बरी झाली. न्हाई झाली. परत येताना तेवढीच भ्याली. पुढं दरवर्षी स्ट्रॉबेरीच्या दिवसांत आम्ही जायचो आणि दर वेळी घाटात तिचे ओठ पांढरे पडायचे. मी उभ्या जन्मात पुष्कळ धीट माणसं पाहिली, पैलवान पाहिले, पण त्यांना भीतीच वाटत नव्हती, त्यात त्यांचं काय एवढं? हिला रोज वाटायची आणि ही रोज उठून भाकऱ्या थापायची, पिशवी घ्यायची, गाडीत चढायची.

चाळीसाव्यानंतर माझ्याच छातीत धडधडायला लागलं. अंथरुणावर पडलो की गार व्हायला होतं. मग शमाकडं निघालो, एकटाच. तिची ती घाटातली उशी मांडीवर घेतली. वाईपुढं गाडी चढायला लागली आणि वाटलं, आता उतरावं... अंगठा उशीवर ठेवला. एका कडेला टाके एवढे दाट, की कापूस लागतच नाही. ते तिचं वळण. तिथं अंगठा दाबून धरला. गाडी चढत गेली तसा तो हळूहळू पुढं सरकत गेला, आणि वर पोचलो तेव्हा टाके विरळ होते, खाली मऊ कापूस लागत होता.

शमानं दारातच विचारलं, "अब्बा, चहा टाकू?"

म्हटलं, अर्धाच दे.