पोटातल्या जंतूंच्या मोजणीबाबत

विषय : माणसाच्या आतड्यातल्या जंतूंची मोजणी.
संदर्भ : निवृत्तीनंतर प्रयोगशाळेत केलेली कारकुनी.

उपरोक्त विषयी कळवण्यात येते की, फायली मुदत संपली की नष्ट करता येतात. किश्श्यांना तशी सोय नाही. ते साचत जातात.

काम सोपं होतं. आम्ही गावोगाव डब्या वाटायच्या, लोकांनी त्यात शौचाचा नमुना द्यायचा. आमच्या शबाना मॅडम त्यातला डीएनए काढून कोणते जंतू किती, ते मशीनवर वाचायच्या. मी डब्यांवर नंबर टाकायचो. सरकारी नोकरीत याहून वाईट कागद हाताळले होते.

*

बेंबळी गावात मॅडमनी एका आजोबांना सांगितलं, पोटात शेकडो जातींचे जंतू नांदतात.

"एवढं गाव? मग सरपंच कोण?"

"कुणीच नाही."

"तरीच रोज गोंधळ घालतेत!"

*

ईट गावी एका आजीकडे चुकून दोन डब्या गेल्या. दोन्ही भरून आल्या. एकीत नमुना, दुसरीत शेंगदाण्याची चटणी!

"रिकामी डबी कशी परत द्यावी, बाई?"

मॅडमनी चटणी आदरानं घेतली. जेवताना मात्र कुणाचाच हात पुढं गेला नाही.

*

कळंबला दोघं भाऊ धान्याचे व्यापारी. वाटणीपासून बोलणं बंद. अहवाल आला, तर दोघांचे जंतू बरेच सारखे!

धाकटे तणतणले, "चूल कवाच वेगळी झाली! मशीन बिघडलंय तुमचं."

मी म्हणालो, "आधी एकाच चुलीवरचं जेवलात ना, शेठ? ते एवढ्यात जात नाही."

शेठ उठताना म्हणाले, "वैनीच्या हातचं वरण लई भारी व्हतं."

*

जोडप्यांचे नमुने कमी पडले, तेव्हा मी आमच्या सुमनला गळ घातली. आठवडाभर लाजून तिनं डबी दिली. अहवालात आम्हा दोघांचे जंतू सगळ्या जोडप्यांत जास्त मिळतेजुळते निघाले.

"म्हणजे आतून पटत होतं तुमचं माझ्याशी," सुमन म्हणाली. "तोंडानं कधी बोलला नाहीत!"

*

सुमन जाऊन वर्ष होत आलं. खाणावळीचा डबा लावला होता. मध्यंतरी मॅडमना विचारलं, "तिच्यासारखे जंतू अजून असतील का माझ्यात?"

"काका, खाणं बदललं की तेही हळूहळू बदलतात."

त्याच दिवशी खाणावळ बंद केली. सुमननं धान्य-मसाले भाजून-दळून ठेवलेल्या येसराची आमटी रोज करतो. बिघडते. खातो.

माझा नमुना पुन्हा घेऊन तिच्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहावा, असा अर्ज दिला आहे. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, "तशी तरतूद नाही, पण वर पाठवतो."

येसराची बरणी अर्ध्याच्या खाली गेली आहे. अर्ज प्रलंबित आहे.