ओढायचं नाही

मेटगळ्ळीत आमच्या शेजारी कारखान्यातून निवृत्त झालेले एक कानडी गृहस्थ राहतात. गल्लीत कुणी कुत्र्याचं पिल्लू आणलं, की ते आधी यांच्या अंगणात जातं. तिथे पत्रा, गोणपाट, वाळू आणि गुळगुळीत फरशी ओळीने मांडलेली असते. पिल्लांच्या पायांना सगळ्याची सवय हवी, हा त्यांचा हट्ट.

माझं पिल्लू पत्र्यापाशी अडलं, तेव्हा मी पट्टा ओढला.

"अय्यो, ओढू नका सार!" ते ओरडले आणि पत्र्यापलीकडे जाऊन पिल्लाकडे पाठ करून बसले. "बघत बसलं की भितंय ते. स्वल्प थांबा, येतंय."

थोड्या वेळाने पिल्लू पत्रा खडखडवत गेलं आणि त्यांची पाठ हुंगू लागलं.

परवा ते आणि मी नव्या मॉलमध्ये गेलो. सरकत्या जिन्यापाशी त्यांनी एक पाऊल उचललं आणि मागे घेतलं. मी हात धरायला गेलो, तर तो त्यांनी झटकन काढून घेतला. मग मी एकटाच वर गेलो आणि जिन्याकडे पाठ करून उभा राहिलो.

बऱ्याच वेळाने पाठीवर थाप पडली.

"वळून बघितलं नाही ना, सार?"

"नाही."

"मग चला, अजून एकदा."