आमच्या साप्ताहिकाचे तीन मालक

छापखान्यात गोष्टी सांगायला कुणी मुद्दाम बसत नाही. शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता त्या आपोआप साचत जातात. शिरूरच्या आमच्या चार पानी साप्ताहिकात मी मुद्रिते तपासायला होते, प्रसंगी लेखही लिहीत असे. पन्नास-साठच्या दशकांत त्याला एकामागून एक तीन मालक लाभले, आणि प्रत्येक वेळी आम्हांला घोर एकच असे: अंक पुढे निघणार की नाही?

*

पहिले मालक मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. तंबाखूची जाहिरात छापायची नाही, हा त्यांचा दंडक. एकदा विड्यांचे व्यापारी अर्ध्या पानाची जाहिरात घेऊन आले.

"मास्तर, म्या सोता वढत न्हाई," ते काकुळतीने म्हणाले. "निस्ती इकतो."

"तुम्हीच ओढत नाही, तर मी वाचकांना कोणत्या तोंडाने शिफारस करू?"

*

याच मास्तरांची आणखी एक रीत होती. गावातल्या भांडणाची बातमी आली की दोन्ही पक्षांना कचेरीत बोलावायचे आणि समोरासमोर ऐकून घ्यायचे. चहा होई, मने निवळत आणि बातमी उरत नसे.

आमचे खिळे जुळवणारे जुळारी योहानमामा एके दिवशी पानाच्या रिकाम्या चौकटीकडे पाहत म्हणाले, "मास्तर, समद्यांचं असं जुळत गेलं, तर पहिलं पान कशानं भरू?"

*

मास्तर थकले आणि साप्ताहिक दौंडच्या एका रेल्वे कंत्राटदारांकडे गेले. छापखाना शिरूरलाच राहिला. मालक दौंडला बसून अग्रलेख लिहीत आणि तिथल्या बाजारभावांसह सर्व्हिस मोटारीच्या कंडक्टरजवळ पाठवीत. कंडक्टर वाचनप्रिय होता. तो वाटेत अग्रलेख उतारूंना मोठ्याने वाचून दाखवी.

मालकांना कळले, तेव्हा ते तावातावाने स्टँडवर गेले. "अहो, मग माझा अंक विकत घेणार कोण?"

"साहेब, अग्रलेखाची काळजी नगं," कंडक्टर नम्रपणे म्हणाला. "पर बाजारभाव म्या कवाच वाचून दावत न्हाई. त्यासाठी घेत्यात लोक."

*

या मालकांचा उत्साह लवकरच ओसरला. पुण्याच्या एका गृहस्थांशी त्यांची बोलणी सुरू झाली. त्या गृहस्थांना यंत्र हवे होते, लग्नपत्रिका छापण्यासाठी. साप्ताहिक बंद होणार, हे ठरल्यासारखेच होते.

त्याच सुमारास वडगाव रासाईचे मोठे बागायतदार आप्पा अत्यवस्थ झाले. डॉक्टरांनी आशा सोडली. आमचा अंक आठवड्यातून एकदाच निघणारा. म्हणून अशा प्रसंगी मृत्युलेख आधीच जुळवून, सुतळीने बांधून ठेवण्याची पद्धत होती. लेख मी लिहिला, योहानमामांनी जुळवला. आणि आप्पा खडखडीत बरे झाले.

पंधरवड्याने ते काठी टेकत कचेरीत आले. "माझा लेख तयार हाय म्हणं. दावा."

योहानमामांनी माझ्याकडे पाहिले. मी होकारार्थी मान हलवताच त्यांनी ओला छाप काढून पुढे ठेवला. आप्पांनी तो सावकाश वाचला.

"बाई, 'शाळेस जागा दिली' असं लिवलंया. म्या कवा दिली?"

"देणार असल्याचे आपण भर सभेत सांगितले होते, आप्पा. लेख छापला जाईपर्यंत दिलेली असेल, असे मी गृहीत धरले."

त्यांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "हे साप्ताहिक बंद पडलं, तर हे छापणार कोण?"

"कुणीही नाही."

त्या आठवड्यात शाळेच्या जागेची मोजणी झाली आणि पुढच्या आठवड्यात साप्ताहिक आप्पांच्या मालकीचे झाले. पहिल्याच दिवशी मी त्यांना विचारले, "आता तो लेख मोडून खिळे परत पेटीच्या घरांत टाकू ना?"

"ऱ्हाऊ द्या तसाच," आप्पा खुर्चीत बसत म्हणाले. "त्यातलं 'मनमिळाऊ' तेवढं काढा, बाई. त्याला अजून येळ लागंल."