सुस्त गेटसाठी घड्याळ

ती मुलगी अजून आठवते. लष्कर भागातल्या आमच्या कॉलेजात दोन विभाग एक झाले, त्या दिवशी लॅब हलवायची होती. मी तिथला चपराशी, अंगठाबहाद्दर. ती लॅबमधल्या कॉम्प्युटरसमोर बसून, मधूनच नखं कुरतडत, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करत होती. एकच सर्किट जरासं बदलून पुन्हापुन्हा चालवत होती.

"एकदा चालवलं की झालं ना, बिटिया?"

"काका, चिपमधले दोन गेट, म्हणजे सिग्नल पुढे सोडणारे बारीक स्विच, कधी सारखे निघत नाहीत. कोण किती उशीर करतो ते मोजते. सगळ्यात सुस्त जो असेल, त्याला सांभाळून चिपचं घड्याळ लावायचं."

सुस्ताला एवढा मान आमच्या घरात नाही!

तेवढ्यात टेम्पोवाला मशीन उचलायला आला. आत्ता बंद केलं, तर तिचं सगळं पुन्हा पहिल्यापासून.

"थांब भैया, लॅबची चावी सापडत नाहीये," मी खिसे चाचपत म्हणालो.

"अरे चाचा, दरवाजा तो खुला है!"

"असू दे. शोधू दे."

ती मागे न बघताच हसली. बोटं मात्र थांबली नाहीत.