ट्रेलरमध्ये बसलेला मिस्त्री

चांद्याला जीप दुरुस्त करणारा एक मिस्त्री होता. गिऱ्हाइकाशी बोलतानाही तो चाकाकडेच बघायचा. आमच्या दुकानाचं मीठ एटापल्लीला न्यायला मी जीपमागे ट्रेलर जोडला, पण उतारावर तो जीपलाच पुढे ढकलू लागला. ट्रेलरला वेगळा ब्रेक हवा होता.

"आपोआप लागनारा पाह्यजे का हातानं ओढाचा?" मिस्त्रीनं टायरला विचारलं. "उतारावर तुमचा हात कापते का, भाऊ?"

"नाही."

"मंग हाताचाच."

माझ्या सीटशेजारी त्यानं लोखंडी दांडा बसवला, त्याची तार ट्रेलरच्या चाकांपर्यंत नेली आणि स्वतः रिकाम्या ट्रेलरमध्ये जाऊन बसला. "घ्या आता उतारावर."

निम्म्या उतारावर मी दांडा ओढला. ट्रेलर अडला आणि जीपही थांबली. उतरून पाहतो तर हा फळी घट्ट धरून बसलेला, चेहरा पांढराफटक.

"एवढी भीती वाटते, तर बसलात कशाला?"

"इथी मानसं बसतीन ना."

"मी फक्त मीठ नेणार आहे."

"बसतीन," तो म्हणाला आणि हत्यारं गोळा करू लागला.

पहिल्याच फेरीत परतताना, तापानं फणफणलेल्या बापाला उचलून दोन भाऊ रस्त्यात उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनी त्याला ट्रेलरमध्ये निजवलंही होतं.